खाशाबा जाधव : पोरगा तयार आहे की नाही, हे ठरवायचं कसं?

राज्य क्रीडा दिन विशेष | ग्रामीण प्रतिनिधी

जानेवारी लागला की आपल्या भागात धानाचं चुरणं आटोपलेलं असतं. बांध्या रिकाम्या होतात, कुठे शंकरपट भरतो, कुठे रात्रीच्या लाईटात कबड्डीचे सामने चालतात. माझ्या शेजारच्या शेतकऱ्याचा पोरगा या सामन्यांत खेळतो. यंदा दहावीला आहे. चढाईला गेला की दोन गडी मारूनच परततो. बाहेरगावच्या एका संघाच्या माणसाने त्याला हेरलं. हंगामभर आमच्याकडून खेळ, सामन्यामागे पैसे देतो, पुढे मोठ्या लीगपर्यंत पोचवतो, असं त्याने घरी येऊन सांगितलं. परीक्षा काय, पुढच्या वर्षीही देता येते, असंही म्हणाला.

बाप माझ्याकडे आला. मी खेळाच्या बातम्या पाठवतो, म्हणून मला कळत असेल असं त्याला वाटलं. त्याचा प्रश्न साधा होता. पोरगं मोठ्या खेळाला तयार आहे की नाही?

धानाचं विचारलं असतं तर मी लगेच सांगितलं असतं. पऱ्हे रोवणीला आले की नाही, हे धुऱ्यावर उभं राहिलं की दिसतं. फार कोवळे रोवले तर पाण्यात कुजतात. फार दिवस ठेवले तर पुढे फुटवे धरत नाहीत. पण लेकराच्या बाबतीत तसं सरळ सांगता येत नाही. त्या दिवशी मी गप्प बसलो.

१५ जानेवारीला खाशाबा जाधवांची जयंती असते. आपल्या राज्यात हाच दिवस राज्य क्रीडा दिन म्हणून पाळतात. शाळेत फोटोला हार घातला जातो, भाषण होतं अन् सुट्टी होते. पण त्यांचं आयुष्य नीट वाचलं तर शेजाऱ्याच्या प्रश्नाचं उत्तर त्यात सापडतं. म्हणून आज ते सांगतो.

गोळेश्वरचं लेकरू

खाशाबा दादासाहेब जाधव यांचा जन्म १५ जानेवारी १९२६ चा. गाव गोळेश्वर, तालुका कराड, जिल्हा सातारा. घर शेतकऱ्याचं. वडील दादासाहेब स्वतः पैलवान होते, अन् पाच भावांत खाशाबा सगळ्यात धाकटे. घरातच कुस्ती असल्यामुळे चालायला लागल्यापासून अंगाला तांबडी माती लागली. आठ वर्षांचे असताना जत्रेच्या फडात एका नावाजलेल्या मल्लाला त्यांनी दोन मिनिटांत पाडलं, असं त्या भागात सांगतात.

शाळा कराडच्या टिळक हायस्कूलमध्ये झाली. १९४२ साली चले जावचं आंदोलन पेटलं तेव्हा ते सोळा वर्षांचे होते. भूमिगत कार्यकर्त्यांना लपायला जागा देणं, पत्रकं पोचवणं, ही कामं त्यांनी केली. म्हणजे हे लेकरू फक्त दंड-बैठका मारणारं नव्हतं. बाबूराव बलावडे आणि बेलापुरी गुरुजी यांच्याकडे कुस्तीचं शिक्षण चालू होतं. ताकदीपेक्षा डाव शिकण्यावर त्यांचा भर होता, कारण अंगात तशी मोठी ताकद दिसतच नव्हती. उंची जेमतेम साडेपाच फूट, अंगकाठी किरकोळ.

अंगकाठी बघून मिळालेला नकार

पुढे ते कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात शिकायला गेले. कोल्हापूर म्हणजे कुस्तीची पेठ. शाहू महाराजांनी तिथे तालमी वाढवल्या, खासबागेचं मैदान बांधलं. तिथे पैलवान म्हटलं की डोळ्यासमोर येतो रुंद छातीचा, मोडलेल्या कानांचा, दूध-बदाम पचवलेला गडी. त्यात हे ठेंगणं पोरगं.

कॉलेजच्या वार्षिक खेळांत कुस्तीसाठी त्यांनी नाव दिलं तर क्रीडाशिक्षकाने ते घ्यायला नकार दिला. पोराला कोणी उचलून आपटलं तर जबाबदारी कोणाची, असा तो विचार. खाशाबा थेट प्राचार्यांकडे गेले. प्राचार्यांनी उतरू द्यायला सांगितलं. खाशाबा उतरले अन् आपल्यापेक्षा दांडग्या गड्यांना पाडत गेले.

इथे क्रीडाशिक्षकाला नावं ठेवणं सोपं आहे. आपण सगळे तेच करतो. पोलीस भरतीला छाती मोजतो, कबड्डीत मांडी बघतो, धावायला लांब पाय शोधतो. माप घेणं चुकीचं नाही, पण मापाने फक्त आजचं शरीर कळतं. गडी पकडीत सापडला की डोकं शांत ठेवतो की घाबरून धडपडतो, हे टेपने कळत नाही. त्याला उतरवूनच बघावं लागतं. त्या प्राचार्यांनी एवढंच केलं. त्यांचं नाव खर्डीकर. हे नाव लक्षात ठेवा, पुढे पुन्हा येणार आहे.

लंडन १९४८ : सहावा नंबर

१९४८ साली लंडनला ऑलिंपिक भरलं. स्वातंत्र्य मिळून वर्ष होत होतं. खाशाबा बावीस वर्षांचे. कोल्हापूरच्या महाराजांनी खर्चाचा भार उचलला अन् हा गडी बोटी-विमानांच्या जगात जाऊन पोचला.

आता अडचण समजून घ्या. आपली कुस्ती मातीवरची. मातीत पाय रुततो, घाम आला तरी माती लावून पकड मिळते. पाठ लागली की चितपट, तोवर झुंज कितीही चालो. तिकडे गादी. गादीवर पाय वेगळा पडतो, घामाने हात निसटतात. दोन्ही खांदे टेकवायचे, नाही टेकले तर गुण मोजायचे, अन् वेळ घड्याळावर. ज्या गड्याने आयुष्य मातीत काढलं, त्याला जगातल्या उत्तम मल्लांसमोर गादीवर उभं केलं होतं. रीस गार्डनर नावाच्या अमेरिकन माजी विजेत्याने त्यांना गादीचे डाव शिकवले, पण हाताशी दिवस थोडे होते.

५२ किलो गटात खाशाबांनी ऑस्ट्रेलियाच्या बर्ट हॅरिसला अन् अमेरिकेच्या बिली जर्निगनला हरवलं. इराणच्या मन्सूर रईसीकडून ते हरले. शेवटी नंबर आला सहावा.

आता बघा, सहाव्या नंबराला पदक नाही. गावात कोणी म्हणेल, एवढ्या लांब जाऊन काय मिळवलं? पण कुस्ती कळणाऱ्याने वेगळं पाहिलं असतं. गादीची सवय नसलेला गडी जगात सहावा येतो, म्हणजे हा अजून पुरा तयार नाही, पण तयार होऊ शकतो. नुसतं जिंकणाऱ्या पोरापेक्षा, मोठ्यासमोर थोडक्यात हरलेल्या पोराबद्दल जास्त माहिती मिळते.

मधली चार वर्षं

लंडनहून आल्यावर खाशाबांनी जे केलं, ते माझ्या मते त्यांच्या आयुष्यातलं सगळ्यात मोठं काम. त्याचे फोटो नाहीत, हार नाहीत. त्यांनी गादीच्या कुस्तीसाठी स्वतःला नव्याने घडवलं. सराव वाढवला. वजन वाढवून ५२ किलोतून ५७ किलोच्या गटात गेले. वरच्या गटात जाणं म्हणजे जास्त ताकदीच्या गड्यांशी गाठ, आणि तिथे जगभरचे मल्लही जास्त कसलेले.

पऱ्हा रोवल्यावर पहिले काही दिवस तो पिवळा पडतो. नवीन माणूस बघितला तर म्हणेल, गेलं पीक. शेतकऱ्याला माहीत असतं की मुळं धरत आहेत. खाशाबांची १९४८ ते १९५२ ही वर्षं तशी होती.

चाचणीत एक गुण कमी

१९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकसाठी निवड चाचणी झाली. मद्रासच्या चाचणीत निरंजन दास या मल्लापेक्षा खाशाबांना एक गुण कमी दिला गेला अन् नाव मागे पडलं. हे गुण प्रामाणिकपणे दिले नव्हते, अशी तक्रार तेव्हाच झाली होती. खाशाबांनी पतियाळाच्या महाराजांकडे दाद मागितली. महाराजांचा तेव्हा खेळांच्या कारभारात वजनदार शब्द होता. पुन्हा कुस्ती लावली गेली. खाशाबांनी निरंजन दास यांना थोड्याच वेळात पाडलं अन् जागा मिळवली, असं सांगितलं जातं.

आपल्या जिल्ह्यांतल्या पालकांनी इथे थांबावं. पोरगं निवडलं गेलं नाही म्हणजे ते कच्चं आहे, असं होत नाही. अन् निवडलं गेलं म्हणजे पक्कं आहे, असंही नाही. चाचणी माणसं घेतात, माणसं चुकतात, कधी मुद्दामही चुकतात. पण दाद मागताना खाशाबांनी रडगाणं गायलं नाही, पुन्हा कुस्ती मागितली. पोरावर अन्याय झाला असं वाटलं तर अर्ज करा, लेखी करा, अन् पुन्हा चाचणी मागा. त्या चाचणीला उभं राहायची तयारी मात्र पोराची पाहिजे.

घर गहाण पडलं

निवड झाली, पण जायला पैसा नव्हता. सरकारकडून वेळेवर पुरेशी मदत मिळाली नाही. गोळेश्वर अन् आसपासच्या लोकांनी वर्गणी काढली. कोणी रुपया दिला, कोणी धान्य दिलं. तरी कमी पडत होते. तेव्हा प्राचार्य खर्डीकरांनी आपलं राहतं घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले.

१९५२ चे सात हजार म्हणजे किती, हा हिशोब ज्याचा त्याने करावा. मास्तराने घर कशाच्या भरवशावर गहाण टाकलं, हा खरा सवाल आहे. त्यांनी या पोराला वर्षानुवर्षं जवळून पाहिलं होतं. कॉलेजच्या आखाड्यात पाहिलं, लंडनला हरून आल्यावर पाहिलं, त्यानंतर सराव करताना पाहिलं. एखाद्या रात्रीचा सामना पाहून कोणी घर गहाण टाकत नाही. पोराची पारख करायला वेळ द्यावा लागतो.

हेलसिंकी, २३ जुलै १९५२

हेलसिंकीत खाशाबा सव्वीस वर्षांचे होते. ५७ किलो गटात त्यांनी कॅनडाच्या एड्रियन पोलिक्विनला हरवलं, मेक्सिकोच्या लिओनार्डो बासुर्तोला हरवलं, जर्मनीच्या फर्डिनांड श्मिट्झलाही हरवलं. मग गाठ पडली जपानच्या शोहाची इशीशी. ही झुंज पंधरा मिनिटं चालली. दमछाक करणारी कुस्ती होती. खाशाबा ती हरले.

दोन कुस्त्यांमध्ये अर्धा तास विश्रांती द्यायचा नियम होता. पण इशीशी लढून लगेच त्यांना सोव्हिएत संघाच्या रशीद मम्मदबेयोवशी लढायला सांगण्यात आलं. त्या वेळी नियम दाखवून भांडायला भारताचा एकही अधिकारी जवळ नव्हता. दमलेला गडी उतरला अन् हरला. इशीला सुवर्ण, मम्मदबेयोवला रौप्य अन् आपल्या खाशाबांना कांस्य मिळालं.

स्वतंत्र भारताचं हे पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. त्याच ऑलिंपिकमध्ये आपल्या हॉकी संघाने सुवर्ण जिंकलं, ते सलग पाचवं होतं. संघाचं पदक देशाला सवयीचं झालं होतं. एकट्या माणसाचं पदक मात्र नवीन होतं. पुढचं वैयक्तिक पदक यायला ४४ वर्षं लागली, १९९६ मध्ये टेनिसपटू लिअँडर पेसने ते आणलं. महाराष्ट्राला तर ७२ वर्षं थांबावं लागलं. २०२४ मध्ये पॅरिसला कोल्हापूर जिल्ह्यातल्या स्वप्नील कुसाळेने नेमबाजीत कांस्य जिंकलं, तेव्हा खाशाबांचं नाव पुन्हा घराघरात निघालं.

त्या अर्ध्या तासाचं मला फार वाटतं. गडी तयार होता. त्याच्या सोबतची माणसं तयार नव्हती. खेळाडूची तयारी बघताना आपण फक्त पोराकडे बघतो. त्याच्या बाजूला नियम माहीत असणारा कोण आहे, दुखलं तर दवाखान्यात कोण नेणार, कागदावर सही करायच्या आधी वाचणार कोण, हेही तयारीतच मोडतं.

शंभरावर बैलगाड्या

खाशाबा परतले तेव्हा कराड स्टेशनवर माणसांचा पूर लोटला. शंभरावर बैलगाड्या सजवून मिरवणूक निघाली. काही मिनिटांच्या वाटेला कित्येक तास लागले. त्यानंतर त्यांनी काय केलं? कुस्त्यांची मैदानं घेतली. स्वतः लढले, जिंकले अन् आलेल्या पैशातून खर्डीकर सरांचं घर सोडवलं. पैशासाठी कुस्ती त्यांनीही केली, पण ती या वेळी, अन् या कारणासाठी.

१९५५ मध्ये ते पोलीस दलात उपनिरीक्षक झाले. १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकची तयारी चालू असताना गुडघ्याला इजा झाली अन् तिथे जाणं राहून गेलं. एका गुडघ्याने तिसरं ऑलिंपिक हिरावलं. पण घरी नोकरी होती, म्हणून चूल विझली नाही. पोलिसांच्या स्पर्धा त्यांनी जिंकल्या, पोरांना शिकवलं, अन् सहायक पोलीस आयुक्त पदापर्यंत पोचले. १९८२ च्या दिल्ली आशियाई खेळांत ज्योत नेणाऱ्यांमध्ये ते होते.

१४ ऑगस्ट १९८४ ला रस्ते अपघातात त्यांचा मृत्यू झाला. अर्जुन पुरस्कार मिळाला तो मरणानंतर कितीतरी वर्षांनी. पद्म पुरस्कार मिळालाच नाही. दिल्लीतल्या २०१० च्या राष्ट्रकुल खेळांत कुस्तीच्या संकुलाला त्यांचं नाव दिलं गेलं. गोळेश्वरला त्यांच्या घराचं नाव ऑलिंपिक निवास आहे.

हॉकीतलाही दाखला तोच

कोणी म्हणेल, कुस्ती एकट्याचा खेळ, कबड्डी-हॉकीचं वेगळं. म्हणून मेजर ध्यानचंदांचं बघा. त्यांच्या जन्मदिवशी, २९ ऑगस्टला, देशाचा क्रीडा दिन असतो. १९२२ साली ते साधे शिपाई म्हणून फौजेत लागले. पलटणीच्या मैदानावर खेळत राहिले. १९२६ मध्ये फौजेच्या संघासोबत न्यूझीलंडला गेले. अन् १९२८ मध्ये ॲमस्टरडॅमच्या ऑलिंपिकमध्ये उतरले. पोटाला पगार होता अन् मधे सहा वर्षं होती. एवढा मोठा खेळाडूही एका हंगामात तयार झाला नाही.

मग ठरवायचं कसं?

शेजाऱ्याला मी शेवटी चार गोष्टी सांगितल्या. या चारही खाशाबांच्या आयुष्यातून घेतल्या आहेत.

एक. पोराला त्याच्यापेक्षा चांगल्यांसमोर उतरवून बघा. गावच्या सामन्यात रोज जिंकतो, त्याने काही कळत नाही. तालुका, जिल्हा, विभाग, राज्य, या पायऱ्या शाळेच्या स्पर्धांत फुकट मिळतात. आश्रमशाळांच्या प्रकल्पस्तरीय स्पर्धाही आहेतच. विसापूरच्या क्रीडा संकुलात डिसेंबर २०२३ मध्ये राष्ट्रीय शालेय मैदानी स्पर्धा झाल्या. म्हणजे देशपातळी आता आपल्या दारापर्यंत येते.

दोन. हरल्यावर दुसऱ्या दिवशी तो काय करतो, ते बघा. पंचाला शिव्या देत झोपून राहतो की पहाटे उठून तोच डाव पुन्हा घोटतो?

तीन. मातीवरून गादीवर जायची तयारी आहे का? कबड्डीही आता मोठ्या स्पर्धांत मॅटवर होते. पाय वेगळा पडतो, बूट लागतात, वजनाची मर्यादा असते. मातीवर राजा असलेला पोरगा मॅटवर पहिले सहा महिने कच्चा दिसेल. तेवढे महिने द्यायला घर तयार आहे का?

चार. गुडघा गेला तर पुढे काय? खाशाबांकडे शिक्षण होतं, म्हणून नोकरी होती. आज राज्य सरकारच्या नोकऱ्यांत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे. पण त्याला मान्य स्पर्धांची प्रमाणपत्रं लागतात अन् शिक्षणाची अटही लागते. बिगर नोंदणीच्या रात्रीच्या सामन्यांतली ट्रॉफी तिथे चालत नाही.

शेजाऱ्याने त्या संघवाल्याला मार्चनंतर ये म्हणून सांगितलं. जे द्यायचं ते कागदावर लिहून आण, असंही सांगितलं. तो माणूस अजून फिरकला नाही.

पोरगा माझ्यावर चिडून आहे. समोरून गेला तरी बोलत नाही. माझं चुकलं असेल तर त्याचा एक हंगाम गेला, हे ओझं माझ्या डोक्यावर आहे. परवा पहाटे मी धानाला पाणी द्यायला निघालो, उन्हाळी पऱ्ह्यांचं काम होतं. धुकं दाट होतं. रस्त्याने कोणीतरी पळत आलं अन् मला ओलांडून पुढे गेलं. तोच होता. दहावीचा क्लास सात वाजता असतो, तेव्हा साडेपाच झाले होते.

तुमच्या गावात, पाड्यावर असं एखादं लेकरू असेल तर या १५ जानेवारीला त्याच्या मैदानावर जा. हार-भाषण झालं की अर्धा तास थांबून त्याचा खेळ बघा. पुढच्या महिन्यात पुन्हा जा.